खुंट्यांना खोबरेल

माझ्या अर्धवट सोडलेल्या उद्योगांची यादी माझ्या बायकोला तोंडपाठ आहे. तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या, तिसरीचा फॉर्म भरला आणि गेलोच नाही, तिथून ती सुरू होते. मग जर्मन भाषा येते, माशांची काचपेटी येते, आणि पाहुणे जवळचे असले तर आमच्या लग्नाच्या अल्बमपर्यंत पोचते. त्यातले फोटो चिकटवायचं काम मी साखरपुड्यापाशी थांबवलं होतं. म्हणून मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी कतारमध्ये, दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये फणसाचा ओंडका आणला, हॉलच्या मधोमध ठेवला आणि "आता मी आयरिश हार्प बनवणार" असं जाहीर केलं, तेव्हा तिने ओंडक्याभोवती एक फेरी मारली आणि टीव्हीचा रिमोट त्याच्यावर ठेवून पाहिला. टीपॉय म्हणून बरा होता.

या सगळ्याच्या मुळाशी आमची समोरची शेजारीण होती. बाई आयर्लंडची, साठी ओलांडलेली, एकटी. वीसेक वर्षं इथल्या एका शाळेत पियानो शिकवत होती. एकदा लिफ्टमध्ये मी सहज सांगितलं की मी मिरजेचा, आमच्या घरामागच्या गल्लीत सतारी बनतात, भोपळे वाळत घातलेले बघत मी लहानाचा मोठा झालो. आमचा मजला आला, दार उघडलं, मिटलं, लिफ्ट पुन्हा खाली गेली, तरी तिला पत्ता नव्हता. तिचे वडील हार्प बनवायचे.

हार्प म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हॉटेलच्या लॉबीतलं ते सोनेरी, पुरुषभर उंचीचं प्रकरण आलं. "ते नव्हे," ती म्हणाली. तिच्या वडिलांचं हार्प मांडीशी मावणारं, बुटकं, दणकट. त्याचं पोट एकाच ओंडक्यातून कोरून काढायचं. तारा आतड्याच्या नाहीत, पितळेच्या. आणि त्या बोटाने नाही, नखांनी छेडायच्या. तार एकदा छेडली की वाजतच राहते, म्हणून वाजवणाऱ्याला पुढचा सूर काढता काढता मागचा बोटाने मिटवावा लागतो. मला तर सतारीच्या खालच्या, आपोआप घुमणाऱ्या तरफेच्या तारांवर हात फिरवल्यासारखं झालं. पितळेची तार, नखी, घुमारा! हे तर आमच्याच गल्लीतलं निघालं.

वडील गेले तेव्हा ती इथे होती, परीक्षांचे दिवस होते, तिला वेळेत जाता आलं नाही. घर रिकामं करणाऱ्यांनी भंगाराबरोबर ते हार्पही दिलं. त्यानंतर तिने तसलं वाद्य कुठे पाहिलं नाही की ऐकलं नाही. आता ऑक्टोबरात ती कायमची परत निघाली होती, भाचीच्या घरातल्या एका खोलीत राहायला. "तो आवाज एकदा ऐकला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि लगेच दुधाच्या भावाबद्दल बोलू लागली.

मी म्हणालो, "मी बनवतो."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. मी इलेक्ट्रिकल पॅनेलची ड्रॉइंग तपासणारा माणूस. माझ्या हातून आजवर एक लाकडी वस्तू बनली होती, ती म्हणजे शाळेतली पट्टी, आणि तीही वाकडी. पण बोललो ते बोललो. बाई ऑक्टोबरात जाणार, त्याआधी तिच्या कानावर तो आवाज पडायला हवा, आणि तो पडेल की नाही हे सर्वस्वी माझ्यासारख्या धरसोड माणसावर येऊन पडलं.

लाकूड आणलं चाचांनी. चाचा रत्नागिरीकडचे, दोह्याच्या नजमा भागात एका खोलीत चौघे मिळून राहणारे, एका फर्निचरच्या कारखान्यात सुतार. आमच्याकडे ओट्याची कपाटं बसवायला आले आणि आमच्या घरचेच झाले. वीणेला फणस लागतो हे त्यांना माहीत होतं. सुट्टीवरून परत येताना त्यांनी घराच्या पडवीत आठ वर्षं पडलेला ओंडका तासून, गोधडीत गुंडाळून विमानातून आणला. विमानतळावर तो तीन वेळा एक्स-रे मशीनमधून गेला. चौथ्या वेळी तिथला अधिकारीच कंटाळला आणि म्हणाला, "खलास, यल्ला!" म्हणजे पुरे झालं, निघा.

शेजारणीने शाळेच्या एका जुन्या सर्क्युलरच्या पाठीवर वडिलांचं हार्प काढून दिलं. मापं तिने हातांनी सांगितली: पोट इथून इथपर्यंत, मान इतकी वाकडी, खांब असा पुढे आलेला. मी टेप घेऊन तिच्या दोन तळव्यांमधलं अंतर मोजत होतो आणि बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहून आम्हा दोघांकडे बघत होती.

मग कोरणं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, म्हणून गॅलरी बाद. हॉलमध्ये प्लास्टिक अंथरून, एसी लावून मी छिन्नी चालवायला बसलो. पिवळाधमक भुसा एसीच्या वाऱ्याने घरभर फिरला. तो सोफ्यात सापडला, माझ्या ऑफिसच्या बॅगेत सापडला, एके दिवशी तर आमटीत सापडला. दोन आठवड्यांत माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले आणि ओंडक्यात जेमतेम वीतभर खड्डा पडला. मला माझी ओळख पटू लागली. आतून तो नेहमीचा आवाज येऊ लागला, की पुरे आता, हौस फिटली. मी गुपचूप चाचांना फोन केला आणि विचारलं, "चाचा, या लाकडाचे पोळपाट किती निघतील?"

चाचा म्हणाले, "चार निघतील. पन साहेब, ह्या लाकूड मी पोलपाटासाठी आनलेला नाय."

त्या शुक्रवारी नमाजानंतर ते स्वतःची छिन्नी घेऊन हजर झाले. पुढचे सगळे शुक्रवार तसेच गेले. आधी जेवण, मग ठोकाठोकी. चाचा कोरायचे, मी भुसा काढायचो आणि सल्ले द्यायचो. मान आणि खांब त्यांनी कारखान्यात तासून आणले. पण जोडणी सांगितली तेव्हा त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. पोट, मान आणि खांब हे तीन तुकडे खाचेत नुसते बसवायचे. तारांचा ताणच त्यांना एकमेकांत आवळून धरतो.

"खिला नाय, डिंक नाय, मंग धरनार कोन?" चाचांनी विचारलं.

"तारा."

"आनि तारांना कोन धरनार?"

"खुंट्या."

"साहेब, तुमी जेवून घ्या."

पण ते जमलं! मिरजेहून माझ्या बहिणीने पितळी तारांची भेंडोळी पाठवली, जाड तारा इथल्याच दुकानात मिळाल्या, खुंट्या चाचांच्या एका ओळखीच्या लेथवाल्याने पितळेच्या सळईतून निमुळत्या करून दिल्या. एकोणतीस खुंट्या, एकोणतीस तारा. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही एकेक तार चढवत गेलो तसं ते लाकूड करकरत आवळत गेलं. चाचा तर सोफ्यामागे जाऊन उभे राहिले होते. शेवटची तार चढली आणि काही फुटलं नाही. मी नखाने एक तार छेडली. भांडी घासत असलेली बायको नळ बंद करून बाहेर आली. तो सूर थांबेचना. मला इतका आनंद झाला की मी चाचांना मिठी मारली. चाचांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "आता खाली ठेवा ता, पडेल."

वाजवायचं मात्र मलाच होतं. शेजारणीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की ती फक्त ऐकणार. पियानोवाल्यांची नखं कापलेली असतात, आणि या वयात नव्याने नखं वाढवायची हौस नाही. म्हणून ओंडका कोरत असतानाच मी दोन्ही हातांची नखं वाढवली होती. त्यापायी ऑफिसात माझी काय शोभा झाली! केरळचा एक सहकारी रोज डबा खाताना माझ्या हाताकडे बघायचा. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "भाई, मन्नत है क्या?" मी हो म्हणालो. त्यानंतर तो मला जरा आदराने वागवू लागला. आईने व्हिडिओ कॉलवर नखं पाहिली आणि घरात भांडणं लागतील म्हणून रडायचीच बाकी राहिली.

शेजारीण संध्याकाळी येऊन सोफ्यावर बसायची आणि शिकवायची. डोळे मिटून, हात सोफ्याच्या उशीखाली. मला वाटायचं, आमचा एसी फार गार आहे. मी दोन-तीनदा तो कमीही केला. "सगळ्यात आधी बहिणी लावा," ती म्हणायची. मधल्या दोन शेजारशेजारच्या तारा एकाच सुरात लावायच्या, त्यांना त्यांच्याकडे बहिणी म्हणतात, आणि बाकीचं सगळं घराणं त्यांच्यावरून लागतं. आमच्या सतारीची जोडीच की! एक साधी धून, अवघी आठ ओळींची, तिच्या वडिलांची आवडती. ती गुणगुणायची आणि मी धडपडायचो. सूर मिटवायला विसरलो की मागचे पुढचे सगळे सूर एकमेकांत मिसळायचे. तरी ती कधी चिडली नाही. मी मात्र स्वतःवर रोज चिडायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचो. हे माझ्या आयुष्यात नवीन होतं.

तिचं विमान रविवारी पहाटे होतं. शनिवारी दसरा. आम्ही तिला दुपारी जेवायला बोलावलं. पुरणपोळी, मग हार्प, असा बेत. चाचांनी त्या दिवसाची रजा टाकली होती.

आणि शुक्रवारी होती खंडेनवमी.

आमच्या घरी खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पुसून, तेलाचं बोट लावून पाटावर मांडायचं असतं. आई तर विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, वडिलांच्या स्कूटरचा पाना, सगळ्यांना तेल पाजायची. त्या दिवशी त्यांना विश्रांती, कुणी वापरायचं नाही. दोह्यात आजवर आमच्या पाटावर एक स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप एवढंच असायचं. यंदा मी हार्प ठेवलं. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, मागे उभं राहून पाहिलं आणि मला भरून आलं. मग खोबरेल तेलाची वाटी घेतली आणि एकोणतीसच्या एकोणतीस खुंट्यांना, मनोभावे, अगदी मुळाशी, एकेक बोट तेल लावलं. त्या जरा कुरकुरतही होत्या. म्हटलं, त्यांनाही बरं वाटेल.

शनिवारी सकाळी आंघोळ करून आलो तर हार्पच्या सगळ्या तारा धुवायला टाकलेल्या नाड्यांसारख्या लोंबत होत्या.

खुंटी धरून राहते ती कोरडी असते म्हणून. सतारीची खुंटी सरकू लागली की कारागीर तिला खडू फासतो हे मी हजारदा पाहिलेलं! मिरजेत जन्मलेला माणूस खुंटीला तेल लावतो, हे आमच्या गल्लीत कळलं तर मला कुणी दारात उभं करणार नाही. मी खुंट्या पिळायची चावी घेऊन तार आवळायला लागलो. खुंटी गोल फिरली आणि चावी सोडताच सुर्रकन उलटी आली. माझी पाचावर धारण बसली. ताण गेल्यामुळे मानही खाचेत डुगडुगत होती. मी अंगातला सगळा जोर लावून दुसरी खुंटी पिळली. चावी निसटली आणि उजव्या हाताची दोन नखं तुटली. तिसरीला आणखी एक. मग मला राग आला, आणि रागात डाव्या हाताने ओढायला गेलो ती उरलेलीही गेली.

बायको स्वयंपाकघरातून आली. मला वाटलं आता यादी म्हणून दाखवणार. तिने हार्प पाहिलं, माझे हात पाहिले आणि विचारलं, "काय लागेल?"

"खडू," मी रडकुंडीला येऊन म्हणालो. "पण खडू कुठून आणू? समोर वीस वर्षं शिकवलेली मास्तरीण राहते, तिच्याकडेही मार्कर आहेत."

ती आत गेली आणि रांगोळीचा डबा घेऊन आली.

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, दसराच होता. तेवढ्यात चाचा शेवयांचा डबा घेऊन दारात. त्यांनी एकदा आत पाहिलं आणि बाह्या वर केल्या. "खुंट्यांना त्याल कोनी लावला?" त्यांनी विचारलं. मी तेलाची वाटी पायाने सोफ्याखाली सरकवली. "बरा," चाचा म्हणाले, "शेवया फ्रिजमदी ठेवा."

पुढचे साडेतीन तास आमच्या हॉलमध्ये जे चाललं त्याला पूजा म्हणावं की ऑपरेशन, कळत नाही. चाचा खुंटी उपटायचे. मी कपाटातल्या जुन्या सॅनिटायझरने ती आणि तिचं भोक पुसायचो. बायको खुंटी रांगोळीत घोळवायची, पोळीची लाटी पिठात घोळवतात तशी, आणि परत द्यायची. चाचा ठोकायचे, मी तार ओढायचो. मध्येच चाचा म्हणाले, "भाभी, थोडा गुलाबी पन घाला, शोभेल," आणि आम्ही तिघं इतके हसलो की बायकोला डोळे पुसायला पदर मिळेना, कारण तो सॅनिटायझरने भिजला होता. पुरण गॅसवर लागलं. कुणी उठलं नाही.

एक वाजता बेल वाजली. अठ्ठाविसावी तार चढत होती.

शेजारीण बायकोकडून नेसायला निळी साडी मागून घेऊन गेली होती, तीच नेसून आली होती, हात पदराखाली. तिने रांगोळीने पांढरं झालेलं हार्प पाहिलं, पांढरे झालेले आम्ही तिघं पाहिले, आणि खुर्ची ओढून बसली. मी शेवटची तार चढवली. मग तिने डोळे मिटून सांगायचं आणि मी चावी फिरवायची, असं सुरू झालं. आधी दोन्ही बहिणी. मग बाकीच्या. रांगोळीने खुंट्या अशा धरल्या की जागच्या हलेनात. मान पुन्हा खाचेत घट्ट बसली. सगळं लागलं.

आणि मी बोटांकडे पाहिलं. एकही नख शिल्लक नव्हतं. तरी बोटाच्या पेराने तार छेडून बघितली. उशीवर चापट मारल्यासारखा आवाज आला. पाच महिने, एक ओंडका, एकोणतीस तारा, आणि बाई न ऐकताच जाणार! मला खरंच रडू आलं. मी तिला सगळं सांगून टाकलं, तेल, खंडेनवमी, नखं, सगळं. म्हणालो, "मला माफ करा. माझं नेहमी असंच होतं."

ती म्हणाली, "जरा उठता का?"

मी उठलो. ती माझ्या जागी बसली, हार्प डाव्या खांद्याला टेकवलं आणि पदराखालून हात बाहेर काढले. दहाच्या दहा नखं वाढवलेली होती. नीट कानशीने घासून गोल केलेली, तुळतुळीत.

पहिल्या ओळीला ती दोनदा चुकली. मग नाही चुकली. मी ज्या धुनीशी इतके दिवस झटापट केली होती ती ही, हे मला चौथ्या ओळीला कळलं. एक नख सूर काढत होतं आणि दुसरं बोट मागचा सूर हलकेच मिटवत होतं, त्यामुळे प्रत्येक सूर स्वच्छ. खुंट्यांवरची रांगोळी बारीक बारीक तिच्या निळ्या साडीवर पडत होती. चाचा भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. आठव्या ओळीच्या शेवटच्या सुराला तिने बोट लावलंच नाही, तो तसाच वाजू दिला. मग तिने लाकडावर गाल टेकला आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, ते आम्हाला म्हटलेलं नव्हतं.

जेवायला चार वाजले. करपलेल्या पुरणाच्या पोळ्या ती दोन खाऊन गेली. हार्प नेणं शक्य नव्हतं. "ऐकलं," दारात ती म्हणाली, "आता निघायला मोकळी झाले. ते तुमच्याकडे राहू दे. आणि त्याला तेल लावू नका."

ती गेल्यावर मी ताटं उचलत बायकोला म्हणालो, "तिची नखं पाहिलीस?"

"पाच महिने पाहतेय," ती म्हणाली. "तुम्हाला कधी काय दिसलंय?"

"पाच महिने?"

"ओंडका घरात आला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात आली. नखं टणक व्हायला तुमच्याकडे काय लावतात, विचारत होती. मी खोबरेलाची बाटली दिली. म्हणाली, त्यांना सांगू नका. मी वाजवायची वाट बघतेय हे कळलं तर त्यांना ओझं वाटेल आणि ते सोडून देतील."

मी ताटं हातात धरून तसाच उभा राहिलो. मी चाचांना पोळपाट किती निघतील म्हणून फोन करत होतो, तेव्हा समोरच्या दारामागे एक बाई माझ्या भरवशावर नखं वाढवत बसली होती. आणि हे माहीत असून माझी बायको पाच महिने आमटीतून भुसा काढत होती, एक शब्द न बोलता.

ताटं ओट्यावर ठेवली, हात धुतले आणि तिला विचारलं, "तो लग्नाचा अल्बम कुठे ठेवलायस?"